पारचा पूल आणि चार प्रश्न

सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, प्रतापगडाच्या पायथ्याशी, पार नावाचे एक लहान गाव आहे. चहूबाजूंनी डोंगर आणि दाट रान. या गावाजवळ कोयना नदीवर एक जुना, कमानींचा दगडी पूल उभा आहे. लोक त्याला शिवकालीन पूल म्हणतात. आजही त्यावरून माणसे, गुरे आणि गाड्या जातात. गडावर येणाऱ्या पर्यटकांपैकी काही थोडे वाट वाकडी करून हा पूल पाहायला येतात, छायाचित्रे घेतात आणि 'त्या काळचे बांधकाम बघा!' असे म्हणून परत फिरतात.

त्यांचे म्हणणे खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे. काळ बांधकाम करीत नाही. काळ दगड फोडीत नाही, चुना मळीत नाही, पाटी डोक्यावर घेऊन नदीच्या पात्रात उतरत नाही. ही सारी कामे माणसे करतात, आणि ती माणसे कोण होती हा प्रश्न आपल्या इतिहासलेखनाने सहसा विचारलेला नाही. राजाचे नाव सांगितले, शतक सांगितले, की आपला इतिहास संपतो.

मी शिक्षक आहे. मुलांना गावचा इतिहास शोधायला सांगितले की ती देऊळ, वाडा आणि गड यांची माहिती घेऊन येतात. पूल, घाट, विहीर, बांध यांची माहिती कोणी आणत नाही. वास्तविक सामान्य माणसाच्या आयुष्याशी देवळापेक्षा पुलाचा संबंध अधिक असतो, आणि अस्पृश्य म्हणून ज्याला देवळाच्या पायरीलाही शिवू दिले नाही त्याचा तर कितीतरी अधिक. म्हणून कोणत्याही पुलाला चार प्रश्न विचारावेत असे मी मुलांना सांगू लागलो. हा पूल कोणाला हवा होता? तो कोणी बांधला? तो कोण ओलांडू शकला, आणि ओलांडून कोठे पोचला? आणि आज त्याची निगा कोण राखतो? या चार प्रश्नांच्या आधारे पारच्या पुलापासून सुरुवात करून सातारा-सांगलीकडचे आणि घाटाखालचे काही पूल वाचण्याचा प्रयत्न येथे केला आहे.

१

पहिला प्रश्न गरजेचा. एवढ्या रानात पूल कशासाठी?

महाबळेश्वरच्या डोंगरात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या नद्या उगम पावतात. त्यांतील सावित्री पश्चिमेला उतरून महाडकडे जाते. कोयना दक्षिणेला जावळीच्या खोऱ्यातून वाहत जाऊन कराडला कृष्णेला मिळते आणि दोघींचे पाणी पुढे सांगलीला पोचते. देश आणि कोकण यांना जोडणारी एक जुनी वाट याच खोऱ्यातून, पार गावावरून, महाड बंदराकडे उतरत असे. ती गाडीवाट नव्हती. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून तांडे चालत. कोकणातून मीठ वर येई, देशावरून धान्य आणि गूळ खाली जाई.

ही वाट ज्याच्या ताब्यात, त्याच्या ताब्यात जकात आणि लष्करी नाका. १६५६ साली शिवाजी महाराजांनी मोऱ्यांकडून जावळी घेतली आणि लगोलग प्रतापगड उभा राहिला. १६५९ साली अफजलखानाचे सैन्य रडतोंडीच्या घाटाने उतरून याच पार गावाच्या परिसरात तळ देऊन राहिले होते. 'रडतोंडी' हे नाव कोणा बखरकाराने दिलेले नाही. ओझे घेऊन तो घाट चढणाऱ्या-उतरणाऱ्यांनी दिलेले ते नाव आहे. हमालाच्या तोंडून इतिहासात शिरलेला हा बहुधा एकच शब्द!

या डोंगरात वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. उन्हाळ्यात गुडघाभर पाण्यातून ओलांडता येणारी कोयना पावसाळ्यात चार महिने गावे तोडून टाकते. गडावर शिबंदी आणि पायथ्याशी बाजार असलेल्या राज्याला हे परवडणारे नव्हते. म्हणजे पारच्या पुलाची गरज राज्याला होती, आणि व्यापारालाही.

मग गावकऱ्यांना गरज नव्हती काय? होती. परंतु त्यांची सोय त्यांनी आपली आपण केली होती. तिला आपल्याकडे साकव म्हणतात. ओढ्यावर दोन लाकडे आडवी टाकायची, त्यावर फांद्या-काठ्या वेलांनी किंवा दोरांनी बांधायच्या. एका पावसाळ्यापुरता पूल. तो वाहून गेला की पुढच्या वर्षी नवा. दगडी पूल राज्याचा आणि साकव रयतेचा, अशी ही वाटणी होती. ती आजही पुरती मोडलेली नाही. त्याकडे पुढे येऊ.

२

दुसरा प्रश्न बांधणाऱ्यांचा. त्याचे उत्तर देण्यापूर्वी कमानीचा पूल उभा कसा राहतो हे समजून घेतले पाहिजे. कारण कामाचे स्वरूप कळले की हात कोणाचे लागले असतील हेही कळते.

नदीचे पाणी ओसरले की काम सुरू होते आणि पुढचा पाऊस येण्याआधी ते पाण्याच्या वर यावे लागते. पात्रात कातळ गाठून त्यावर खांब चढवायचे. पुराचे पाणी आणि वाहून येणारी झाडे खांबावर आदळतात, म्हणून ज्या बाजूने पाणी येते त्या बाजूला खांबाला त्रिकोणी नाक काढायचे. त्याने धार दुभंगते. मग दोन खांबांच्या मध्ये लाकडाचा अर्धगोल सांगाडा उभारायचा. त्यावर दोन्ही बाजूंनी पाचरीच्या आकाराचे घडीव दगड रचत वर यायचे आणि शेवटी मधोमध एक दगड ठोकून बसवायचा. तो बसला की लाकडी सांगाडा काढून घ्यायचा. आता दगड दगडाला दाबून धरतात. वरून येणारा भार कमान दोन्ही अंगांना वाटून देते, आणि तो खांबांतून खाली जमिनीत जातो. जितके ओझे, तितकी दगडांची पकड घट्ट.

कमानीत प्रत्येक दगड शेजारच्याचा भार घेतो. ज्या समाजाने ही कमान उभी केली त्या समाजाची रचना मात्र अशी नव्हती. तेथे भार एकाच दिशेने, वरून खाली, जात होता.

अशा कामाला कोणते हात लागतात? खाणीत सुतकी आणि पहार चालवून दगड काढणारे, तो दगड वाहून आणणारे, माती खणणारे, छिन्नीने घडवणारे. वडार समाजातील पोटविभागांची नावेच हा श्रमविभाग सांगतात: दगड गाड्यांवरून वाहणारे ते गाडीवडार, मातीकाम करणारे ते मातीवडार, आणि जाती-पाटे-वरवंटे घडवणारे ते पाथरवट किंवा जातेवडार. त्यांच्या जोडीला बेलदार, गवंडी, चुनखडी भाजणारे, आणि रोज बोथट होणाऱ्या छिन्न्यांना धार लावून देणारा लोहार. आणि या सर्वांच्या खाली गावोगावचे महार-मांग. लाकूडफाटा आणणे, सरकारी सामान पुढच्या गावापर्यंत पोचवणे, वाटसरूला वाट दाखवणे, वाटेवर पहारा करणे ही वतनाची कामे होती. किल्ल्यांच्या घेऱ्यातील मेटांवर रामोशी, महार, मांग यांचे पहारे असत. म्हणजे ज्या वाटेवरून राज्य चालत असे, त्या वाटेची राखण त्यांच्याकडे होती.

पारला गेलो असताना पुलाजवळ गुरे राखणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांशी माझे बोलणे झाले.

"बाबा, हा पूल कुणी बांधला?"

"महाराजांनी."

"आणि दगड कुणी फोडले?"

ते हसले. "त्यांची नावं कोण ठेवतो, गुरुजी?"

या प्रश्नात सर्व इतिहासलेखनशास्त्र आले आहे. नावे ठेवण्याची साधने, म्हणजे अक्षर, कागद आणि शिलालेख, ज्यांच्या हाती होती त्यांनी आपली नावे ठेवली. ज्याने अक्षर दगडावर कोरले त्या पाथरवटाला ते वाचता येत होतेच असे नाही.

इंग्रजी राजवटीत नावे ठेवण्याची ही हौस आणखी वाढली. महाबळेश्वरला मुंबईच्या गव्हर्नरावरून माल्कम पेठ झाली. अधिकाऱ्यांच्या नावांनी डोंगराचे एकेक टोक बारशाला बसले: एल्फिन्स्टन पॉइंट, आर्थर सीट. महाबळेश्वरहून पोलादपूरकडे उतरणाऱ्या आंबेनळी घाटाला १८६७ ते १८७२ या काळात गव्हर्नर असलेल्या फिट्झजेराल्ड साहेबांचे नाव मिळाले. या नव्या गाडीरस्त्यामुळे पारची जुनी वाट मागे पडली. तांडे गेले, बाजार ओसरला आणि पूल रानात एकटा राहिला. आज तो टिकला आहे याचे एक कारण बांधकामाचा पक्केपणा हे आहेच. त्यावरचे ओझे कमी झाले हेही दुसरे कारण असावे असे मला वाटते.

महाबळेश्वर परिसरातील रस्त्यांवर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात कैद्यांनीही राबणूक केली. त्यांत समुद्रापलीकडून आणलेले चिनी आणि मलायी कैदी होते. त्यांनी तेथे भाजीपाल्याची लागवड केली हे पर्यटकांना कौतुकाने सांगितले जाते. पायांत बेड्या घालून परक्या देशाचे रस्ते करणारी ती माणसेही आपल्या इतिहासाचा भाग आहेत. श्रमिकाला देश नसतो असे पुस्तकात वाचतो. येथे तो अक्षरशः हिरावून घेतलेला होता.

दुसरे मोठे मनुष्यबळ दुष्काळाने पुरवले. १८७६-७८ च्या दुष्काळात लाखो माणसे सरकारी कामांवर खडी फोडीत होती. सर रिचर्ड टेंपल यांनी प्रौढ पुरुषाची मजुरी एक पौंड धान्य आणि एक आणा एवढ्यावर आणली, तेव्हा १८७७ च्या आरंभी मुंबई इलाख्यातील हजारो मजुरांनी कामे सोडली. अन्नासाठी तडफडणाऱ्या माणसाने अन्नासाठीचे काम नाकारले! कामगार चळवळीचा इतिहास गिरण्यांपासून सुरू करण्याची आपली पद्धत आहे. खडीच्या ढिगावर घडलेल्या या संपालाही त्यात जागा दिली पाहिजे.

पुढे हीच खडी स्वतंत्र भारतातही फोडली गेली. १९७२ च्या दुष्काळात माझी आजी रस्त्याच्या कामावर होती. हातोडीने दगड फोडताना कपची डोळ्यात जाऊ नये म्हणून ती पदर नाकावरून ओढून घेई. दुपारी सुकडी मिळे. हजेरीपटावर तिचा अंगठा उमटे. रस्ता झाल्यावर कोनशिलेवर नाव दुसऱ्याचे आले. मात्र या दुष्काळातून एक मोठी गोष्ट निघाली हेही सांगितले पाहिजे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे हे सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्याचे. मागेल त्याला काम ही त्यांची कल्पना १९६५ साली त्याच तालुक्यात करून पाहिली गेली होती. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. टेंपल साहेबांच्या काळी जी दया होती तिला येथे हक्काचे रूप मिळाले.

आणि वडार? ज्यांच्या छिन्नीशिवाय या मुलखात पूल, वाडा, जाते की देवसुद्धा घडला नाही, ते महाराष्ट्र शासनाच्या यादीत 'विमुक्त जाती' या रकान्यात आहेत. विमुक्त कशातून? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना १९५२ साली त्या कायद्यातून मुक्त करण्यात आले, म्हणून हा शब्द. पूल बांधणाऱ्यांची नोंद असलीच तर ती पोलिसांच्या दप्तरात सापडावी, ही आपल्या संस्कृतीची कहाणी आहे.

३

तिसरा प्रश्न ओलांडण्याचा आहे, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

पुलापूर्वी नदी ओलांडण्याचे दोन मार्ग होते, उतार आणि नाव. नावेत माणसे खेटून बसतात; म्हणजे तेथे शिवाशिवीचा प्रश्न येतो. कोणाला बसवायचे, कोठे बसवायचे, कोणाला मागे ठेवायचे हे ठरवणारा माणूस तेथे असतो. पूल ही निर्जीव वस्तू आहे. तो पायाखाली येणाऱ्याची जात विचारीत नाही. त्यावर आठ हातांवरून चालणाऱ्याला कोणी 'बाटवलेस' म्हणणे अवघड जाते. या अर्थाने सार्वजनिक पूल आणि सार्वजनिक रस्ता ही आधुनिक समतेची पहिली, मुकी साधने होत.

परंतु येथेच थांबलो तर आपण भाबडे ठरू. पूल जात विचारीत नसला तरी पुलाच्या दोन्ही टोकांना समाज उभा असतो.

त्याचा पुरावा साताऱ्यातच आहे. १९०१ च्या सुमारास बालवयातले बाबासाहेब आंबेडकर घरातील मुलांबरोबर साताऱ्याहून वडिलांकडे निघाले. रामजीबाबा तेव्हा खटाव तालुक्यात, दुष्काळग्रस्तांना काम देण्यासाठी चाललेल्या तलावाच्या कामावर खजिनदार होते. मुले मसूर स्टेशनवर उतरली. ती महार आहेत हे कळल्यावर गाडीवान त्यांना नेण्यास तयार होईनात. दुप्पट भाडे घेऊन, आणि गाडी मुलांनीच हाकावी या अटीवर, एक जण तयार झाला. रात्री ती जकात नाक्यापाशी थांबली. जवळ अन्न होते, पाणी नव्हते. नाकेदाराने पाणी दिले नाही, आणि मुले उपाशी झोपली.

हा प्रसंग आपण सर्वांनी ऐकलेला आहे. तो येथे पुन्हा सांगण्याचे कारण निराळे. रस्ता सरकारी होता, नाका सरकारी होता, जकात सर्वांकडून सारखी घेतली जात होती. त्या रस्त्यावरून जाण्यास मुलांना कोणी बंदी केली नव्हती. आणि तरीही त्या सरकारी नाक्यावर घोटभर पाणी नव्हते. बाप दुष्काळी तलावाच्या कामावर आणि मुले पाण्यावाचून! रस्ता खुला असणे आणि प्रवास खुला असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे या एका रात्रीने सिद्ध केले.

आता सह्याद्री ओलांडून खाली महाडला जाऊ. पारच्या वरच्याच डोंगरात उगम पावलेली सावित्री महाडजवळून वाहते. सार्वजनिक पैशाने बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली संमत केला. महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर पूल बांधून झाला होता. त्यावर पाऊल ठेवायचे होते, आणि ते २० मार्च १९२७ रोजी ठेवले गेले. त्यानंतर काय झाले हे वाचकांना ठाऊक आहे. त्याच वर्षी डिसेंबरात बाबासाहेब दुसऱ्यांदा महाडला आले ते मुंबईहून बोटीने दासगावपर्यंत आणि तेथून पायी.

या सत्याग्रहानंतर एकाच वर्षाने, १९२८ साली, महाडजवळ सावित्रीवर दगडी कमानींचा मोठा पूल उभा राहिला. नदीचे वाहते पाणी ओलांडण्याची सोय सरकारने केली. तळ्याच्या साठलेल्या पाण्याला हात लावण्याचा हक्क मात्र कोर्टात अडकला होता. मुंबई हायकोर्टाने तो मान्य केला तो १९३७ साली. पूल बांधायला वर्ष-दोन वर्षे लागतात. ओंजळभर पाण्याला दहा वर्षे लागली. आणि त्याच १९२८ साली बाबासाहेबांनी महार वतनाविरुद्धचे विधेयक मुंबई कायदेमंडळात मांडले. वाटेची राखण करणाऱ्यांना त्या राखणीच्या गुलामीतून सोडवण्याचा हा प्रयत्न होता. कनिष्ठ गावकामगारांची वतने खरोखर नष्ट करणारा कायदा येण्यास १९५८ साल उजाडावे लागले.

सावित्री पश्चिमेला गेली. पूर्वेकडे कृष्णा सांगलीला जाते. तेथे संस्थानी काळात कृष्णेवर पूल झाला आणि १९२९ साली व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या नावाने तो खुला झाला. सांगलीची माणसे आजही पुराचे माप आयर्विन पुलाशी सांगतात: चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीस फुटांना धोका. २०१९ च्या महापुरात पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेले. व्हाइसरॉय गेला, संस्थान गेले, पूल मात्र लोकांच्या रोजच्या बोलण्यातली फूटपट्टी होऊन राहिला.

याच १९२९ च्या ऑक्टोबरात खानदेशातील चाळीसगावी आणखी एका पुलावर एक घटना घडली. सरकारी समितीच्या कामावरून परतणारे बाबासाहेब चाळीसगावला उतरले. बॅरिस्टर, प्राध्यापक, कायदेमंडळाचे सभासद. परंतु त्यांना टांग्यातून नेण्यास एकही टांगेवाला तयार झाला नाही. शेवटी टांगा भाड्याने घेऊन महारवाड्यातील एका माणसाने तो हाकला. त्याला टांगा हाकण्याची सवय नव्हती. वाटेतल्या, बाजूला कठडा नसलेल्या फरशीवजा पुलावर घोडा बिथरला. चाक दगडावर आदळले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि पाय मोडला. घोडा-गाडी नदीत गेली. पुलाने त्यांची जात विचारली नव्हती; टांग्याने विचारली होती. पूल दगडाचा होता, बहिष्कार माणसांचा होता, आणि माणसांचा बहिष्कार दगडाहून टणक निघाला.

जगात इतरत्रही हेच दिसते. अमेरिकेत अलाबामा राज्यातील सेल्मा गावी एक पोलादी पूल आहे. त्याला एडमंड पेटस याचे नाव आहे. तो गुलामगिरीच्या बाजूने लढलेला सेनानी आणि कू क्लक्स क्लॅनचा पुढारी. ७ मार्च १९६५ रोजी मतदानाच्या हक्कासाठी निघालेले काळे स्त्री-पुरुष हा पूल ओलांडू लागले तेव्हा पोलिसांनी त्यांना लाठ्यांनी झोडपले. दोन आठवड्यांनी ते पुन्हा निघाले आणि पूल ओलांडून पुढे गेले. त्याच वर्षी मतदान हक्काचा कायदा झाला. पुलावरची पाटी बदललेली नाही. पण आज जगात कोणी सेल्माच्या पुलाचे नाव काढले तर पेटस आठवत नाही, चालणारे आठवतात. नाव कोरणाऱ्यापेक्षा ओलांडणारा मोठा ठरू शकतो, हे त्या पुलाने दाखवले. महाडच्या तळ्याने आपल्याला हेच दाखवले आहे.

४

चौथा प्रश्न निगेचा, आणि तो आजचा आहे.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरील तो १९२८ चा पूल महापुरात कोसळला. दोन एस. टी. बसगाड्या आणि इतर वाहने अंधारात नदीत गेली. सुमारे चाळीस माणसे गेली. त्याच वर्षी पुलाची पाहणी होऊन तो वाहतुकीस योग्य ठरलेला होता. एस. टी. ने रात्रीचा प्रवास करणारी ती कोकणातली साधी माणसे होती. वर्षभराच्या आत नवा पूल झाला, आणि त्या वेगाचे कौतुकही झाले. महामार्गावरचा पूल कोसळला की तो लवकर उभा राहतो, कारण तो राज्याला आणि व्यापाराला हवा असतो. पारच्या पुलाला विचारलेल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर येथेही तेच येते.

आता त्याच डोंगरातल्या वाड्या-वस्त्या पाहा. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात जवळजवळ सहाशे मिलिमीटर पाऊस झाला. आंबेनळी घाटाचा रस्ता तुटला, पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडींनी माणसे गाडली, आणि ओढ्यांवरचे साकव-मोऱ्या वाहून गेल्याने वाड्या तुटल्या. गरोदर बाईला डोलीत घालून ओढा ओलांडावा लागणे, पावसाळ्यात मुलांची शाळा बुडणे, हे या मुलखात नवल नाही. सरकारी कागदात 'साकव' हा शब्द आजही योजनेचे नाव म्हणून आहे. मंजुरीच्या यादीत कोणती वाडी वर आणि कोणती खाली हे पाहिले की गावकुसाची रेघ अजून पुसलेली नाही हे ध्यानात येते.

कोयनेचे उदाहरण तर बोलके आहे. पारला ज्या नदीवर शेकडो वर्षांचा पूल आहे, तिच्याच खालच्या अंगाला धरण झाले, शिवसागर जलाशय पसरला आणि खोऱ्यातल्या जुन्या वाटा पाण्याखाली गेल्या. तापोळा-बामणोलीकडच्या माणसांना पलीकडे जाण्यासाठी लाँचवर अवलंबून राहावे लागले. पुलाच्या युगातून ती पुन्हा नावेच्या युगात गेली! वीज कारखान्यांना गेली. विस्थापितांना पुनर्वसनासाठी पिढ्यानपिढ्या झगडावे लागले.

म्हणून माझे म्हणणे एवढेच की, पूल हा विषय अभियंत्यांवर आणि पर्यटकांवर सोडून देऊ नये. शिक्षकांनी मुलांकडून गावातल्या एका पुलाची, मोरीची किंवा साकवाची हकिकत लिहून घ्यावी. त्यावर कोणी राबले, हे ज्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांना आठवते त्यांची नावे आज लिहून ठेवावीत. १९७२ ला खडी फोडलेल्या बायका आता थोड्याच उरल्या आहेत. विद्यार्थ्यांनी दुष्काळी कामांचे हजेरीपट आणि वतनाची दप्तरे वाचावीत. आपल्या पूर्वजांची नावे शिलालेखात नसली तरी तेथे अंगठ्यांच्या शेजारी सापडतील. कार्यकर्त्यांनी आपल्या तालुक्यातल्या कोणत्या वस्तीला पावसाळ्यात वाट नाही याची यादी करून ती ग्रामसभेत आणि जिल्हा परिषदेत मांडावी, आणि मंजूर झालेल्या यादीशी ताडून पाहावी.

पारच्या पुलाजवळ माहितीचा फलक लावायचा झाला तर महाराजांचे नाव त्यावर जरूर असावे. त्याखाली वडार, पाथरवट, बेलदार, लोहार, महार, मांग, रामोशी असेही लिहिले जावे, आणि ते लिहिण्याची मागणी आपण केली पाहिजे.